पहिली फुंक

१२ जानेवारी
फुंक : ५२०

ताई,

वर आधी ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं होतं, ते खोडलं. सात महिन्यांनी लिहितोय, आणि सुरुवातच पाहुण्यासारखी केली तर तू कागदाची घडी घालून तसाच ठेवून देशील. आकडा मात्र खोडला नाही. आधी तारीख, मग आकडा, मग काय ते बोलणं, हे तूच शिकवलंस.

तर हो, फुंकणी माझ्याकडे आहे. जुनी, निळ्या काट्याची, मागे चिकटपट्टी लावलेली. पिशवी भरताना कपड्यांत टाकली. तू सगळी कपाटं उपसली असशील आणि माझ्या जागी आलेल्या नव्या मुलीला विचारलंही असशील. तिला सांग, तिचा दोष नाही. फुंकेचा जोर मोजणाऱ्या त्या यंत्राचं खरं नाव डॉक्टरबाई सांगायच्या, ते माझ्या जिभेला कधी वळलं नाही. मुलांनी फुंकणी म्हणायला सुरुवात केली आणि महिन्याभरात डॉक्टरबाईसुद्धा ‘ती फुंकणी आण रे’ म्हणायला लागल्या.

इथे मी गोदामात आहे. खोकी उतरवायची, खोकी चढवायची. सोबतचे विचारतात, बहीण काय करते? मी सांगतो, हवा मोजते. ते हसतात. मग मी नीट सांगतो. हवेनं मुलांच्या छातीचं काय होतं ते तपासणारं केंद्र आहे. डॉक्टर आहेत, यंत्रवाले आहेत, आकडेवाले आहेत, मुलांच्या आया आहेत, आणि या सगळ्यांची तोंडं चार दिशांना. मध्ये माझी बहीण उभी असते. एका कानाला फोन, दुसऱ्या कानावर पेन्सिल. ती नसेल तर डॉक्टर एका दिवशी येतील आणि मुलं दुसऱ्या. एक जण म्हणाला, म्हणजे वाहतूक पोलीसच की. मला राग आला नाही. तसंच आहे.

तराजूच्या खोलीची फार आठवण येते. बाहेर चपला काढायच्या, कापडी सपाता घालायच्या, आत शब्द काढायचा नाही. ते धूळ धरणारे गोल पांढरे कागद. नेताना वजन, आणताना वजन. तराजूवाले काका म्हणायचे, दोन्हींतला फरक मुंगीच्या पायाएवढा असतो, त्यामुळे शिंकायचं असेल तर घरी जा. मी दोनदा शिंकलो आणि दोन्ही वेळा आठवडाभर त्या खोलीबाहेर होतो. पण गल्लीगल्लीतल्या हवा ओढणाऱ्या पेट्यांतून कागद काढून आणायचं काम मला आवडायचं. बागेच्या गल्लीतला कागद दुधासारखा, बाजाराच्या गल्लीतला राखाडी, आणि माझ्या, ट्रकच्या डेपोच्या गल्लीतला तव्याच्या बुडासारखा. तू ते ओळीनं फळ्यावर टाचून ठेवायचीस. एकदा म्हणालीस, हे गल्ल्यांचे फोटो आहेत.

माझ्या गल्लीतली चिमणी कशी आहे? शाळेत जाते का?

तिच्या आकड्यांचं मी तुला त्या दिवशी सांगितलं. आणखी सांगण्यासारखं काही नाही.

तुझा
भोंगा

३ फेब्रुवारी
फुंक : ५४०

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण रोज दाराच्या फटीखाली बघतो.

गोदाम सोडलं. तू म्हणशील, ह्याच्या पायाला भिंगरी आहे, एका जागी टिकेल तर शपथ. आता मी ओट्याचे दगड कापतो. डोंगरातला दगड नाही, कारखान्यात भुकटी दाबून केलेला. दिसायला आरशासारखा. माझ्याकडे नळाच्या भांड्यासाठी भोक पाडायचं काम आहे. कापताना पातीवर पाणी सोडायचं असतं, म्हणजे भुकटी उडत नाही. पाण्याची नळी फुटली आहे, मुकादम म्हणतो उद्या आणतो. त्याचा उद्या दोन आठवड्यांचा आहे. संध्याकाळी आम्ही सगळे एकाच वयाचे दिसतो, भुवयांपासून पांढरे.

थोडा खोकला आहे. हवा बदलली की होतो, तुला माहीत आहे. आकडा बघ ना, मागच्यापेक्षा वाढलाय.

परवा कामावर एकाची छाती वाजत होती आणि मला आपली स्वयंपाकघरालगतची खोली आठवली. आई दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला गेलेली, आणि मी उशांना टेकून बसलेलो. तू शाळेचा गणवेश न काढताच यायचीस आणि माझ्या छातीला कान लावायचीस. तुझी वेणी माझ्या हनुवटीखाली गुदगुल्या करायची आणि हसलो तर ओरडायचीस, कारण मोजणी चुकायची. ‘आज सात शिट्ट्या,’ असं म्हणून कॅलेंडरवर तारखेखाली सात लिहायचीस. भोंगा हे नाव तेव्हाच पडलं. आई ते कॅलेंडर दूधवाल्याच्या हिशेबासाठी आणायची आणि त्याच्यावर माझ्या शिट्ट्या. दूधवाला एकदा भांडला होता, सात लिटर कधी दिलं म्हणून.

केंद्रात पहिल्यांदा यंत्रं आली तेव्हा खोक्यातून काढून तू माझ्याच हातात दिलंस. मुलं अजून निवडायची होती. पहिली फुंक मी मारली. तक्त्यावर मुलांचा क्रमांक लिहायचा रकाना होता, आणि मी तेवीस वर्षांचा घोडा. तू थोडा विचार केलास आणि लिहिलंस ००. डॉक्टरबाई म्हणाल्या, असा क्रमांक नसतो. तू म्हणालीस, आमच्याकडे असतो.

सातवीत शाळा सुटलेल्या माणसाला तू अकरा घरांची जबाबदारी दिलीस. आठवड्यातून एकदा दार वाजवायचं, पेटीतला कागद बदलायचा, पोराला उभं करायचं, तीन फुंका, तीन आकडे, तीन रकाने. लोक काय म्हणाले असतील ते तू मला कधी कळू दिलं नाहीस. ते तराजूवाल्या काकांनी सांगितलं. तू बैठकीत म्हणाली होतीस, आकडा वाचता येतो आणि पोरं त्याच्यामागे धावतात, आणखी काय शिक्षण हवं?

धावायची खरंच. चिमणी तर गल्लीच्या तोंडाशी उभी असायची. आणि तो वकील, दहा वर्षांचा. त्याच्याशी प्रत्येक आकड्यावर हुज्जत. ‘काटा दोनशे दहा आणि वीसच्या मध्ये आहे, तर वीस लिही, तुझं काय जातं?’

शाळेजवळ अजून ट्रक रांगेत उभे असतात का, इंजिन चालू ठेवून?

भोंगा

२१ फेब्रुवारी
फुंक : ५३०

ताई,

काल तराजूवाल्या काकांना फोन केला. त्यांनी उचलला, कारण नंबर ओळखीचा नव्हता. ओळख पटल्यावरही ठेवला नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. तुझा अहवाल तयार आहे. अठरा मार्चला बैठक आहे. डेपो शाळेपासून हलवायचा की नाही ते तिथे ठरणार. आणि चार गल्ल्यांत सगळ्यांत चांगल्या फुंका डेपोच्या गल्लीतल्या मुलांच्या निघाल्या. बागेच्या गल्लीपेक्षाही चांगल्या. डेपोवाल्यांचा माणूस केंद्रात येऊन हसून गेला, म्हणाला, आमच्या धुरात जीवनसत्त्वं असावीत. आकडेवाले साहेब डोकं धरून बसले आहेत. कागद काळे, फुंका चांगल्या, ह्याचा मेळ कसा घालायचा? तू चिमणीचे आकडे तेवढे काढलेस. एका मुलीने काही फरक पडत नाही.

ताई, एकटी चिमणी नव्हती. अकराही होती.

एवढं लिहिलंच आहे, तर आता नीट सांगतो. तू हे उभ्यानं वाचू नकोस.

युक्ती सोपी आहे. जीभ नळीच्या तोंडाला आतून लावायची, बुचासारखी. गाल फुगवायचे. मग जीभ काढून थुंकल्यासारखं एकदम सोडायचं. छातीतली हवा लागतच नाही, तोंडातलीच पुरते. काटा उडी मारतो. आम्ही त्याला ‘बूच’ म्हणायचो. ‘दादा, बूच लावू?’ असं चिमणी विचारायची आणि मी दाराकडे बघायचो.

त्या दिवशी मी तुला सांगितलं की चिमणीला लाल चांदणी हवी होती म्हणून शिकवलं. आकडा वाढला की वहीवर चांदणी मिळायची ना. ते खोटं होतं. चांदणीसाठी कोणी रडत नव्हतं. रडायची ती पिवळ्या कार्डासाठी.

तुझं पिवळं कार्ड चांगल्यासाठी होतं, मला कळतं. आकडा पडला की कार्ड, मग आईला बोलावणं, औषध, आणि पंधरा दिवस मैदान बंद. पण तू कार्ड देऊन पुढच्या फोनवर जायचीस. पुढच्या आठवड्यात मी जायचो तेव्हा ते पोर दारात पायरीवर बसलेलं असायचं. मैदानातला आरडाओरडा ऐकू येतोय, आणि ते पायाच्या अंगठ्याने माती उकरतंय. ती पायरी माझ्या ओळखीची होती, ताई. सात शिट्ट्या झाल्या की मी तिथेच असायचो. तू कॅलेंडरवर लिहून टाकायचीस आणि अभ्यासाला बसायचीस. मी बसून राहायचो.

आणि आणखी एक. बूच मी केंद्रात शोधलं नाही. आपल्या चुलीजवळची लोखंडी फुंकणी आठवते? तिच्यातून कागदाच्या गोळ्या मी तुझ्या वेणीवर मारायचो. बूच तिथलं. नंतर तू मेणबत्तीची परीक्षा काढलीस. मेणबत्ती टेबलावर, मी दाराशी, हातात वर्तमानपत्राची गुंडाळलेली नळी. फुंकून विझली तर खेळायला जा. ती मी कधीच छातीने विझवली नाही. तुला वाटायचं औषध लागू पडलं. तू इतकी खूश व्हायचीस की नंतर सांगायची सोय उरली नाही.

चिमणी त्या शेवटच्या आठवड्यात फुंकायला आली तेव्हा तिचे ओठ मला जरा वेगळे दिसले होते. साधी फुंक दीडशे. मग बूच, दोनशे साठ. दोनशे साठला कार्ड नाही. ती मैदानात पळाली. तीन दिवसांनी तू तिला दवाखान्यात ठेवून आलीस, माझ्यासमोर तक्ता धरलास आणि म्हणालीस, ‘मला खोटं बोलला असतास तर मी सोसलं असतं. माझ्या तक्त्यात कशाला लिहिलंस?’ मी ते चांदणीचं सांगितलं आणि पिशवी भरायला घेतली. पण एक गोष्ट आहे, ती नीट वाच.

मी तुझ्या तक्त्यात सगळंच खोटं लिहिलं नाही. तीन फुंकांतली पहिली मी कधीच बुचाची घेतली नाही. मुलांना मी सांगून ठेवलं होतं, पहिली फुंक ताईची, मग दोन आपल्या. तिन्ही आपण घेतल्या तर मला चोरी वाटली असती. दोन घेतल्या त्याचं काही वाटलं नाही, हे आता लिहिताना विचित्र दिसतंय. आणि तिन्ही आकडे त्या त्या रकान्यात लिहिले, क्रम कधी बदलला नाही. आकडेवाले साहेब तिन्हींतला मोठा तेवढा उचलून मशीनमध्ये घालतात. मूळ कागद तुझ्या हिरव्या कपाटात खालच्या फळीवर आहेत, गल्लीवार.

पहिला रकाना बघ. अकराही मुलांचा. तो खरा आहे.

मी सही करून द्यायला तयार आहे. मला कामावर घेतल्यावरून तुला कोणी बोललं तर माझं नाव पुढे कर. 

भोंगा

२८ फेब्रुवारी
आज फुंकलो नाही

ताई,

पत्र मिळालं का? तुला फोन लावतो, वाजत राहतो. काका उचलत नाहीत. रागाने असेल तर ठीक. पत्रच पोचलं नसेल तर काय करू?

म्हणून पुन्हा लिहितो, थोडक्यात. हिरवं कपाट, खालची फळी, पहिला रकाना.

काल कामावर दुसऱ्या मजल्यावर दगड चढवताना मध्येच बसलो. मुकादम म्हणाला, काय रे, म्हातारा झालास? सगळे हसले, मीही हसलो. नळी अजून आलेली नाही.

भोंगा

९ मार्च
फुंक : खाली लिहितो

ताई,

तुझं पाकीट काल आलं. उघडण्याआधी हात दोनदा धुतले. आत पत्र असेल असं वाटलं. कोरा तक्ता निघाला. उलटून पाहिला, उजेडात धरून पाहिला, एक अक्षर नाही. फक्त क्रमांकाच्या रकान्यात पेन्सिलीने, तुझ्या त्या शून्यांनी ज्यांचं तोंड वरून थोडं उघडं राहतं, ००.

तक्ता घडी घालून खिशात ठेवला.

मग काकांना फोन केला आणि ह्या वेळी त्यांनी सगळं सांगितलं. तू माझं पत्र तराजूच्या खोलीत जाऊन वाचलंस, कारण तिथे कोणी बोलू शकत नाही. तासाभराने बाहेर आलीस, डॉक्टरबाई आणि साहेबांना बोलावलंस आणि पत्र टेबलावर ठेवलंस. मी हे करणाऱ्याची बहीण आहे, बैठकीत मीच उभी राहून सांगेन, मग मला ठेवायचं की नाही ते ठरवा, म्हणालीस. काका म्हणाले, डॉक्टरबाईंनी तुला खुर्ची पुढे ओढून दिली. मग हिरवं कपाट उघडलं. पहिला रकाना मांडला तर डेपोची गल्ली सगळ्यांत खाली गेली, काळ्या कागदांशी मेळ बसला. पण साहेब म्हणाले, एका फुंकेवर निकाल उभा राहत नाही, नियम तीनचा आहे. अठराच्या आत अकराही मुलं पुन्हा तपासायला हवीत.

नवी मुलगी तपासायला गेली. मुलं एका ओळीत उभी राहिली आणि अकराच्या अकरा जणांनी बूच लावलं. तिन्ही फुंकांना. ती नको नको म्हणत राहिली. डॉक्टरबाई स्वतः गेल्या तरी तेच. चिमणीनेसुद्धा, नऊ दिवस दवाखान्यात नाकाला नळी लावून राहिलेल्या त्या पोरीने. कार्डाला सगळी अजून तशीच घाबरतात. शेवटी वकिलाने अट घातली म्हणे. ‘दादा येऊन सांगेल तर साधी फुंकू. पण आधी तो फुंकेल.’

तर हा तक्ता त्यासाठी आहे ना? मला एवढंच समजलं. दुसरं काही असेल तर भेटल्यावर सांग.

भरण्याआधी वरची पत्रं दुरुस्त कर. ५२०, ५४०, ५३०, तिन्हींवर रेघ मार. बुचाचे आहेत. तुला खोटा आकडा पाठवायचा नाही असं ठरवून पहिल्या पत्राला बसलो होतो. साधी फुंक मारली, काटा कुठे थांबला ते बघितलं, आणि जीभ आपोआप नळीला लागली. मेणबत्तीपासूनची सवय आहे. तू खूश होशील असं वाटत असावं.

आज दार लावून, सरळ उभं राहून, तू शिकवलंस तसं फुंकलो. नाक दाबून, पोटापासून.

पहिली फुंक : ३५०
दुसरी फुंक : ३४०
तिसरी फुंक : ३५०

दगडाचं काम काल सोडलं. मुकादमाला म्हटलं, नळी आली की दुसऱ्याला दे. सोबतच्या पाच जणांना फुंकणी दाखवली, एकेक फुंक घेतली, आकडे मागच्या पानावर लिहिलेत. ते आकडे त्यांच्या छातीबद्दल काय सांगतात मला माहीत नाही, तुला माहीत असेल. डॉक्टरबाईंना दाखव.

मी मंगळवारी सकाळच्या गाडीने पोचतो. घरी येणार नाही, सरळ गल्लीत जाईन. शाळा सुटायच्या वेळी तू सगळ्यांना चिमणीच्या दारातल्या पायरीपाशी उभं कर. फुंकणी मी आणतोय, चिकटपट्टी नवी लावली आहे. सगळ्यांसमोर आधी मी फुंकेन. काटा कुठे थांबतो ते वकिलाला वाचू दे, तो काट्याचं एक घरसुद्धा जास्त देणार नाही. मग मुलं फुंकतील. त्यांना कार्ड मिळालं तर मिळू दे, पण ती पायरीवर एकटी बसणार नाहीत, एवढं मी त्यांना सांगणार आहे. तू नाही म्हणू नकोस.

त्यानंतर, कोणी बघत नसताना, तू कान लाव. शिट्ट्या किती आहेत ते मला मोजता येत नाही, आतून ऐकू येत नाही. वेणी आता नाही तुझी, त्यामुळे हसणार नाही.

आणि पिवळं कार्ड एक जास्त काढून ठेव. क्रमांक ००. पंधरा दिवस मैदान बंद.

भोंगा